हातावर पोट असलेला अवयव

१९३५ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात रॉबर्ट टेनंट आणि कार्ल विगर्स या दोन संशोधकांनी एक साधा दिसणारा प्रयोग केला. भूल दिलेल्या कुत्र्याच्या हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी त्यांनी बांधली आणि तिच्या वाट्याचा स्नायू काय करतो ते ठोक्यागणिक नोंदवलं. रक्त तुटलेला स्नायू दमत दमत हळूहळू थांबेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. काही सेकंदांतच आकुंचन लुळं पडू लागलं आणि मिनिटभरात चित्रच उलटं झालं. बाकीचं हृदय आवळलं जाई, नेमका त्याच क्षणी हा तुकडा बाहेर फुगे. सायकलच्या झिजलेल्या टायरला फुगा यावा, तसा.

पुढच्या काळात रसायनशास्त्रज्ञांनी अशा थांबलेल्या स्नायूतली शिल्लक मोजली, तेव्हा कोडं आणखी गडद झालं. स्नायू थांबला त्या क्षणी त्याच्याकडची ऊर्जा संपलेली नव्हती, बरीचशी शाबूत होती. पेशीही जिवंत होत्या. पंधरा मिनिटांत गाठ सोडली, तर त्या सगळ्या वाचतही. म्हणजे कोठीत दाणे आहेत, घरातलं माणूस जिवंत आहे, आणि तरी त्याने हातातलं काम टाकून दिलंय. का?

हार्ट अटॅककडे आपण बहुधा नळकामाच्या नजरेने बघतो. नळी तुंबली, स्टेंट टाकला, नळी मोकळी झाली. रोग्याच्या दृष्टीने ते खरंही आहे. पण धमनी ही फक्त वाट आहे, आणि अटॅक घडतो तो वाटेच्या शेवटी असलेल्या पेशीत. तिच्या जमाखर्चात तो पहिल्या दहा सेकंदांत सुरू होतो आणि रोगी टाके सुकवून घरी गेला तरी वर्षानुवर्षं चालू राहतो. त्या जमाखर्चाची वही उघडून बघू.

दिवसाला सहा किलो

माणसाचं हृदय साधारण ३०० ग्रॅमचं असतं. दिवसाकाठी ते सुमारे एक लाख ठोके देतं आणि सात हजार लिटरच्या आसपास रक्त ढकलतं. या कामाची मजुरी पेशीत एकाच नाण्यात चुकवली जाते. त्या नाण्याचं नाव ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी. या रेणूला तीन फॉस्फेटची शेपटी असते. तिचा शेवटचा मणी तुटला की ऊर्जा मोकळी होते आणि एडीपी उरतं. त्याला मणी पुन्हा जोडला की नाणं परत चलनात येतं. या सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली, तर हृदय दिवसाला सुमारे सहा किलो एटीपी खर्च करतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट.

आणि शिल्लक किती? एका वेळी हृदयात जेवढं एटीपी असतं, ते काही सेकंदांच्या ठोक्यांना पुरेल एवढंच. पोटावर चरबीचे थर असतात, यकृतात ग्लायकोजेन असतं, पण हृदयाच्या घरी फारशी साठवण नाही. या ठोक्यात कमवायचं आणि याच ठोक्यात खायचं. शरीरात सगळ्यांत जास्त राबणारा अवयव असा हातावर पोट घेऊन जगतो.

म्हणून त्याने कमाईची यंत्रणा मात्र जबरदस्त ठेवली आहे. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनी, म्हणजे ऑक्सिजन वापरून इंधन जाळणाऱ्या भट्ट्यांनी व्यापलेला असतो. लागणाऱ्या एटीपीपैकी ९५ टक्क्यांहून अधिक तिथे बनतं. भट्टी ऑक्सिजनवर चालते, आणि इथेच हृदयाची नड आहे. आराम करत असलेला पायाचा स्नायू रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजन काढून घेतो. गरज वाढली तर आणखी काढायला तीन हिस्से बाकी असतात. हृदय मात्र आपण झोपलेलो असतानाही ७० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन उपसून घेतं. पोहऱ्याने तळ गाठलेलाच असतो. अधिक हवं असेल तर अधिक रक्त यायला हवं, दुसरा मार्ग नाही.

या भट्टीत जळतं काय, हे जिवंत माणसात बघण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात रिचर्ड बिंग यांना जातं. जर्मनीत जन्मलेले बिंग अमेरिकेत डॉक्टर म्हणून गाजले, संगीतरचना करत राहिले आणि १०१ वर्षं जगले. १९४० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी एक बारीक नळी शिरेतून हृदयापर्यंत नेली आणि हृदयाच्या स्नायूतून वापरून बाहेर पडणारं रक्त जिथे जमा होतं, त्या करोनरी सायनसमध्ये सरकवली. आत जाणाऱ्या रक्तात काय होतं आणि बाहेर येणाऱ्या रक्तात काय उरलं, याची वजाबाकी केली की हृदय काय जेवलं ते कळतं. कळलं ते असं, की हृदयाला ताटातलं काहीच वर्ज्य नाही. ग्लुकोज, लॅक्टेट, कीटोन, अमिनो आम्लं, जे समोर येईल ते चालतं. पण मुख्य अन्न मेदाम्लांचं. निरोगी प्रौढ हृदयाची बरीचशी ऊर्जा, साधारण साठ-सत्तर टक्के, चरबीतून येते.

मेदाम्लं कसदार आहेत, पण खर्चीकही. तेवढंच एटीपी बनवायला ग्लुकोजपेक्षा त्यांना दहा-बारा टक्के जास्त ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन मुबलक असताना हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. टंचाई आली की तोच डोईजड होतो.

हृदयाच्या वहीत आणखी एक खातं आहे, सुट्ट्या पैशांच्या गल्ल्यासारखं. ते आहे क्रिएटिन फॉस्फेट. एटीपी खर्च झालं की क्षणार्धात आपला फॉस्फेट देऊन ते नाणं परत घडवतं. या रेणूचा शोध १९२७ साली सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये लावला. सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. दोनच वर्षांनी एटीपीही जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि हार्वर्डमध्ये याच जोडीला स्वतंत्रपणे सापडलं. हार्ट अटॅकमध्ये सगळ्यांत आधी रिकामं होणारं खातं सुब्बारावांच्या रेणूचं असतं.

पहिली वीस मिनिटं

करोनरी धमनीच्या आतल्या भिंतीवरचा चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पलीकडच्या स्नायूत अडकलेला ऑक्सिजन दहाएक सेकंदांत संपतो. भट्ट्या विझतात. मेदाम्लं येऊन पडलेली असतात, पण ऑक्सिजनशिवाय ती पेटत नाहीत. लाकडं भरपूर आणि हवा नाही, अशी ती चूल.

मग उसनवारी सुरू होते. आधी क्रिएटिन फॉस्फेट मोडतं आणि मिनिटाभरात त्याचा मोठा हिस्सा जातो. त्याच वेळी पेशी जुनी वाट धरते. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडायची ही वाट म्हणजे ग्लायकोलिसिस. रक्तातून ग्लुकोज येणं बंद झालेलं असतं, म्हणून पेशी आपल्याजवळचं थोडं ग्लायकोजेन काढते. पण भट्टीत जळालेला ग्लुकोजचा एक रेणू तीसेक एटीपी देतो, तर या वाटेने फक्त दोन-तीन मिळतात. शिवाय लॅक्टेट आणि आम्ल साचत जातं. एरवी हेच लॅक्टेट हृदय आवडीने खातं. आता ते धुऊन न्यायला रक्तच नसतं.

टेनंट आणि विगर्स यांच्या कोड्याचं उत्तर इथे आहे. क्रिएटिन फॉस्फेट मोडताना सुटे फॉस्फेट मोकळे होतात आणि पाठोपाठ आम्ल वाढतं. स्नायूतल्या तंतूंनी आवळावं म्हणून प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम हाक देतं. फॉस्फेट आणि आम्ल मिळून त्या तंतूंना बहिरं करतात. हाक येत राहते, तंतू हलत नाहीत. एटीपी संपायच्या आधीच स्नायू थांबतो तो यामुळे.

ही पेशीची हार वाटते, पण त्यात तिचा फायदा आहे. हृदयाच्या एकूण खर्चापैकी साठ-सत्तर टक्के खर्च आकुंचनावर होतो. कमाई बंद पडताच सगळ्यांत मोठा खर्च आपोआप थांबला, तर उरलेल्या शिलकीवर पेशीचे अत्यावश्यक पंप चालू राहतात. आतलं सोडियम बाहेर, बाहेरचं पोटॅशियम आत आणि कॅल्शियम कोठडीत, ही रोजची झाडलोट त्यांच्याकडे असते. स्नायू धडधडत राहिला असता, तर काही सेकंदांतच सगळं फुंकून बसला असता. अंथरूण पाहून पाय पसरण्याची ही रीत पेशीच्या रसायनातच बसवलेली आहे.

तरी गळती थांबत नाही, आणि एक गळती तर घरातूनच होते. तंतुकणिकेत एटीपी बनवणारं एक चाक असतं. ऑक्सिजन असताना ते सुलटं फिरतं आणि नाणी पाडतं. ऑक्सिजन संपला की ते उलटं फिरू लागतं आणि बनवलेलं एटीपी मोडून खातं. अडचणीच्या काळात खर्च होणाऱ्या एटीपीचा मोठा वाटा या उलट्या चाकाच्या खाती जातो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते हेच.

एटीपीपासून एडीपी, एडीपीपासून एएमपी आणि शेवटी ॲडिनोसिन अशी उतरण लागते. ॲडिनोसिन पेशीतून बाहेर पाझरतं आणि दोन कामं करतं. शेजारच्या रक्तवाहिन्यांना ते रुंद व्हायला सांगतं आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. निरोगी माणसाच्या शिरेतून ॲडिनोसिन दिलं तरी त्याला छातीत तशीच कळ आल्यासारखी वाटते. अटॅकमधली कळ एकाच रसायनाने उठते असं नाही, पण तिच्यात या राखेचा हात असतो. छातीवर दगड ठेवल्यासारखं जे वाटतं, त्यात हृदयाने जाळून टाकलेल्या नाण्यांची भुकटीही असते.

दहाएक मिनिटांत एटीपी निम्म्यावर येतं. सर्वांत जास्त कोंडी झालेल्या भागात वीस मिनिटांच्या आसपास पहिल्या पेशी परतीची वाट ओलांडतात. पंप थकतात, सोडियम आत साचतं, त्याच्या बदल्यात कॅल्शियम आत शिरतं. एटीपी अगदीच संपलं की तंतू एकमेकांना धरून घट्ट बसतात, कारण सुटायलाही एटीपी लागतं. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते याच कारणाने. शेवटी पेशीचं आवरण फाटतं आणि आतली प्रथिनं रक्तात वाहतात. त्यांतलंच ट्रोपोनिन दवाखान्यात मोजतात. रिपोर्टवर वाढलेलं ट्रोपोनिन दिसतं तेव्हा काही पेशींचं दिवाळं आधीच निघालेलं असतं.

पण सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात कीथ रायमर, रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयांवर दाखवलं, की मृत्यू भिंतीच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकतो. आतला थर सर्वांत जास्त दाबाखाली असतो आणि रक्त त्याच्याकडे सर्वांत शेवटी पोचतं. धमनी ४० मिनिटं बंद राहिली तर धोक्यातल्या भिंतीची ३८ टक्के जाडी मरते, तीन तासांत ५७, सहा तासांत ७१ आणि धमनी उघडलीच नाही तर ८५ टक्के. माणसात हे वेळापत्रक ज्याचं त्याचं वेगळं. आडवाटेने येणारं रक्त किती, गुठळी पूर्ण बंद की अधूनमधून सुटणारी, यावर ते ठरतं. लाटेची दिशा मात्र तीच.

रक्त परत आलं, आणि

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं किंवा ॲन्जिओप्लास्टी केली, की रक्त परत येतं. हाच इलाज आहे, आणि जितका लवकर तितका चांगला. तरी परतणारं रक्त स्वतःही काही हानी करतं, हे समजायला संशोधकांना बराच वेळ लागला. महिनाभराचा उपाशी माणूस पंगतीत एकदम जेवला तर जे होतं, त्यासारखं काहीसं.

बंदच्या काळात पेशीत सक्सिनेट नावाचा एक पदार्थ साचत राहतो. २०१४ साली केंब्रिजमधल्या मायकल मर्फी यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांमध्ये दाखवलं, की ऑक्सिजन परत येताच हा साठा भसकन जळतो. भट्टीतले इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने रेटले जातात आणि ऑक्सिजनचे घातक, ठिणग्यांसारखे रेणू उडतात. साचलेलं आम्लही झपाट्याने धुतलं जातं. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण आम्लामुळे बहिरे झालेले तंतू आता शुद्धीवर येतात आणि समोर असतो कॅल्शियमचा लोंढा. ते इतके करकचून आवळतात की पेशी स्वतःच्याच ताणाने फाटू शकते. आम्लामुळे मिटून राहिलेली तंतुकणिकांची भोकंही याच वेळी उघडतात आणि भट्ट्या कायमच्या बसतात.

त्यात चरबीची भर. अटॅकच्या भीतीने आणि वेदनेने शरीर ॲड्रिनॅलिन सोडतं. ते चरबीच्या पेशींतली चरबी फोडून मेदाम्लं रक्तात ओततं. एडिनबराचे मायकल ऑलिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ सालीच नोंदवलं होतं, की अटॅकनंतर ज्यांच्या रक्तात मेदाम्लं फार चढतात, त्यांच्यात जीवघेणी धडधड आणि मृत्यू जास्त दिसतात. मेदाम्लं समोर असली की हृदय ग्लुकोज जाळणं आवरतं, हा नियम फिलिप रँडल यांनी १९६३ साली मांडला होता. सावरू पाहणारं हृदय म्हणून पुन्हा त्याच खर्चीक इंधनाकडे वळतं. ग्लुकोज फोडलं जातं, पण पुढे भट्टीत पूर्ण जळत नाही. आम्ल बनत राहतं आणि ते बाहेर काढण्यात एटीपी जातं.

ड्यूकमध्येच १९८६ साली एक विलक्षण निरीक्षण झालं. चार्ल्स मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची धमनी आधी पाच-पाच मिनिटं, चार वेळा बंद करून उघडली आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली. आधी चार वेळा उपासमार झालेल्या हृदयाचं नुकसान जास्त होईल, असंच कुणालाही वाटेल. ते इतरांच्या तुलनेत चौथ्या हिश्श्यावर आलं. सराव झालेली पेशी लांबच्या उपवासात एटीपी हळू खर्च करते. ज्यांना अटॅकच्या आधी काही दिवस अधूनमधून छातीत दुखलेलं असतं, त्यांच्यापैकी काहींचं नुकसान कमी का होतं, याचं एक उत्तर इथे मिळतं. पण छातीत दुखणं अंगावर काढायला हे निमित्त होऊ शकत नाही. ते दुखणं अटॅकचं अंगणात आलेलं पाऊलही असू शकतं.

मेलेलं, थिजलेलं आणि पाय आखडून बसलेलं

धमनी उघडल्यावर स्नायूचे तीन प्रकार उरतात, आणि इकोमध्ये तिन्ही सारखेच दिसतात. हलत नाहीत.

पहिला मेलेला. त्याची जागा सहा-आठ आठवड्यांत कोलॅजेनचा कडक व्रण घेतो. दुसरा थिजलेला. १९८२ साली यूजीन ब्राउनवॉल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी त्याला नाव दिलं. त्याच्याकडे रक्त आलंय, तो जिवंत आहे, तरी काही दिवस हलत नाही. बंदच्या काळात ॲडिनोसिन पाझरून गेलं, म्हणजे नाण्याचा धातूच घराबाहेर गेला. तो नव्याने जमवायला पेशीला दिवस लागतात. आम्ल आणि कॅल्शियमने बिघडलेले तंतूही दुरुस्त व्हावे लागतात.

तिसरा सर्वांत नवलाचा. धमनी पूर्ण बंद नाही, पण रक्त कायम तुटपुंजं. असा स्नायू मरत नाही. तो काम कमी करून, तेवढ्याच रक्तात, महिनोन्‌महिने तग धरतो. या अवस्थेला इंग्रजीत जे नाव पडलं त्याचा अर्थ हिवाळ्यातली लांब झोप. ही कल्पना जगभर रुजवली शाहबुद्दीन रहिमतुला यांनी. मुंबईत जन्मलेले आणि कराचीत वैद्यक शिकलेले हे हृदयरोगतज्ज्ञ पुढे लॉस एंजेलिसमध्ये काम करत. रक्तपुरवठा पूर्ववत केला तर असा निजलेला स्नायू जागा होतो, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

मग मेलेला आणि निजलेला ओळखायचा कसा? इथे चयापचयच साक्ष देतो. निजलेली पेशी मेदाम्लं सोडून ग्लुकोजवर येते, कारण ऑक्सिजन कमी लागतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून दिलं आणि पेट कॅमेऱ्याखाली बघितलं, तर रक्त कमी पण ग्लुकोजची भूक भरपूर, असा बेमेळ दिसतो. जिथे हा बेमेळ तिथे जीव आहे. जिथे रक्तही नाही आणि भूकही नाही, तिथे व्रण. भारतात पेट स्कॅनची सुरुवात २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. आता मोठ्या शहरांत ही तपासणी होते. बायपास करून उपयोग होईल का, हा प्रश्न असलेल्या हृदयात ती स्नायूची भूक मोजते.

बाळपणीच्या अन्नाकडे

उरलेल्या जिवंत स्नायूवर आता मेलेल्याचाही भार पडतो. माणसाच्या डाव्या कप्प्यात काही अब्ज स्नायूपेशी असतात, आणि मोठ्या अटॅकमध्ये त्यांतल्या अब्जभर काही तासांत जाऊ शकतात. नव्या जवळजवळ होत नाहीत. उरलेल्या पेशी जाड होतात, लांबतात आणि आपलं जेवणही बदलतात.

गर्भातल्या बाळाचं हृदय कमी ऑक्सिजनमध्ये वाढतं, म्हणून मुख्यतः ग्लुकोज आणि लॅक्टेटवर चालतं. जन्मानंतर श्वास सुरू होतो, आईचं दूध मिळतं, त्यात भरपूर स्निग्धांश असतो, आणि हृदय मेदाम्लांकडे वळतं. अटॅकनंतर थकत चाललेलं हृदय या वाटेने उलटं चालू लागतं. मेदाम्लं जाळायला लागणारी जनुकं मंदावतात आणि ग्लुकोज फोडण्यावर भर वाढतो. ऑक्सिजनच्या दृष्टीने ही काटकसरच. पण भट्ट्याही बिघडलेल्या असतात. ग्लुकोज फोडलं तरी ते पूर्ण जळत नाही आणि एकूण कमाई घटते. शेवटच्या टप्प्यातल्या निकामी हृदयात एटीपी साधारण पाव ते एक तृतीयांशाने कमी झालेलं असतं. क्रिएटिन फॉस्फेट तर त्याच्याही आधी घटतं. ऑक्सफर्डमधल्या स्टीफन नॉयबावर यांनी अशा हृदयाला इंधन संपलेल्या इंजिनाची उपमा दिली. २०१६ साली दोन संशोधन गटांनी दाखवलं, की हे हृदय कीटोन जास्त जाळू लागतं. रोजचं धान्य परवडेना म्हणून नाचणी-वरईवर आलेल्या घरासारखं.

मग इंधनच बदलून दिलं तर? ही कल्पना जुनी आहे. मेक्सिकोचे देमेत्रियो सोदी-पायारेस यांनी १९६२ मध्ये अटॅकच्या रोग्यांना ग्लुकोज, इन्शुलिन आणि पोटॅशियमचं मिश्रण द्यायला सुरुवात केली. युक्तिवाद बिनतोड होता. इन्शुलिन मेदाम्लांचा लोंढा थोपवेल आणि ग्लुकोज कमी ऑक्सिजनात जळेल. २००५ साली तो मोठ्या कसोटीवर घासला गेला. भारत, चीन, लॅटिन अमेरिका आणि इतर देशांतल्या २०,२०१ रुग्णांपैकी निम्म्यांना हे मिश्रण दिलं. तीस दिवसांत मृत्यू त्यांच्यात १० टक्के आणि न दिलेल्यांत ९.७. फायदा शून्य. मेदाम्लांचं ज्वलन रोखणारं ट्रायमेटाझिडीन २०२० साली ॲन्जिओप्लास्टी झालेल्या सहा हजारांवर रुग्णांत तपासलं गेलं. तिथेही अटॅक आणि मृत्यू कमी झाले नाहीत.

शास्त्र चुकलं का? मला वाटतं, वेळ चुकली. पेशीचा हिशेब सेकंदा-मिनिटांचा असतो आणि सलाइन लागेपर्यंत तास गेलेले असतात. लाट पुढे सरकून गेल्यावर बांध घालून उपयोग नाही.

उंदरांकडून आलेली एक गोष्ट मात्र मनात घर करते. २०११ साली डॅलसमध्ये दिसलं, की एक दिवसाच्या उंदराच्या हृदयाचं टोक कापलं तर ते नव्या स्नायूने भरून येतं. सात दिवसांच्या उंदरात ही ताकद गेलेली असते. त्या आठवड्यात बऱ्याच गोष्टी बदलतात, आणि हृदय चरबीवर जगायला लागतं ही त्यांतली एक. २०२३ साली जर्मनीतल्या बाड नाउहाइमच्या संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या हृदयपेशींत मेदाम्लं भट्टीत नेणारं एक दार जनुकीय बदलाने बंद केलं, आणि त्या पेशी पुन्हा विभागू लागल्या. माणसापासून हे फार दूर आहे. पण भरपूर कमाईच्या बदल्यात हृदयाने स्वतःला नव्याने घडवायचा हक्क सोडला असावा, असं त्यावरून वाटतं.

कळ

पुन्हा क्लीव्हलंडच्या त्या मिनिटाकडे येऊ. रक्त तुटताच स्नायू थांबला आणि त्या थांबण्यातून पेशीने सुमारे वीस मिनिटं कमावली. आतल्या थराची ती मिनिटं संपली तरी बाहेरच्या थरांचे काही तास उरतात. हातावर पोट असलेल्या अवयवाने कामच बंद ठेवून वाचवलेली ही पुंजी आहे, आणि ती वाचवताना त्याने कळही पाठवली आहे.

ती कळ घरी पोचते तेव्हा तिला बहुधा गॅस म्हणतात. ओवा चावला जातो, सोडा प्यायला जातो, सकाळी बघू म्हणून कूस बदलली जाते. मधुमेह जुना असेल तर मज्जातंतू बोथट झालेले असतात आणि निरोप नुसता घाम किंवा दम म्हणून येतो. ४० मिनिटांनंतरचे ३८ टक्के आणि तीन तासांनंतरचे ५७ टक्के यांच्यामधलं अंतर याच कूस बदलण्यात जातं. पेशीने तिच्या बाजूचं सगळं केलेलं असतं. दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचं काम तेवढं तिला जमत नाही.